रक्ताच्या नात्यापलीकडची धाव

मॅरेथॉन हे मुळात एका मैदानाचे नाव. इ. स. पूर्व ४९० मध्ये ग्रीसमधील या मैदानावर अथेन्सच्या सैन्याने इराणी सैन्याचा पराभव केला. विजयाची वार्ता घेऊन एक निरोप्या अथेन्सपर्यंत धावत गेला आणि वार्ता सांगताच कोसळून मरण पावला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र येथे थोडे थांबावे लागते. त्या युद्धानंतर काही दशकांनी लिहिणाऱ्या हिरोडोटसने या धावेचा उल्लेखच केलेला नाही. त्याने वर्णिलेला निरोप्या धावला तो युद्धापूर्वी, आणि तोही मदत मागण्यासाठी. अथेन्स ते स्पार्टा हे सुमारे २४० किलोमीटरचे अंतर तोडून तो दुसऱ्या दिवशी पोहोचला. स्पार्टाने मदत नाकारली नाही, केवळ पौर्णिमेपर्यंत थांबण्यास सांगितले. त्यांचे सैन्य आले तेव्हा लढाई संपली होती. वार्ता सांगून मरणाऱ्या धावकाची कथा पाचशेहून अधिक वर्षांनंतर, प्लुटार्क आणि ल्युशियन यांच्या लेखनात येते. पुढे १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्याच कथेच्या आधारे शर्यत ठेवण्यात आली. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ४२.१९५ किलोमीटर हे अंतर धावले गेले आणि १९२१ मध्ये तेच अधिकृत ठरले.

या दोन निरोप्यांपैकी आम्हांला जवळचा वाटतो तो स्पार्टाकडे धावलेला. विजय सांगणारा नव्हे, मदत मागणारा; आणि मदत उशिरा पोहोचली तर काय होते हे ज्याच्या गोष्टीतून कळते तो.

या लेखात ‘आम्ही’ असे लिहिले आहे ते सहा जणांच्या वतीने. आपल्या विद्यालयातील दोन शिक्षक आणि याच वसतिगृहात वाढलेले चार माजी विद्यार्थी, असे आम्ही सहा जण मुंबई मॅरेथॉनची पूर्ण शर्यत धावलो. रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या मुलांसाठी निधी उभारणे हा हेतू होता. आमच्यात सर्वांत ज्येष्ठ असलेल्याने पन्नाशी ओलांडली आहे, सर्वांत धाकटा अठ्ठावीस वर्षांचा आहे. शर्यत जिंकण्याचा प्रश्न कोणासमोरच नव्हता.

या सगळ्याचे कारण म्हणजे आपल्याच वसतिगृहातील एक मुलगा. त्याचे नाव येथे लिहीत नाही; त्याच्या आईची तशी इच्छा आहे. तो सातवीत असताना त्याला वारंवार ताप येऊ लागला. चेहरा पांढुरका पडला, हातापायांवर मार न लागताही निळे डाग उमटू लागले आणि एका सकाळी दात घासताना हिरड्यांतून येणारे रक्त थांबेना. वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाईंनी त्याच दिवशी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. रक्ताच्या तपासणीवरून डॉक्टरांनी मुंबईला जाण्यास सांगितले. तेथे निदान झाले : ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा हा कर्करोग आहे.

त्याचे आईवडील त्या वेळी उसाच्या फडात होते. ज्यांनी ऊसतोडीचे जगणे पाहिले आहे त्यांना ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे हे सांगावे लागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती या जोडीच्या नावावर. दोघांपैकी एक गेला की उरतो तो अर्धा कोयता. आणि अर्ध्या कोयत्याने पूर्ण उचल फिटत नाही. आई मुलाजवळ मुंबईला गेली. वडील फडातच राहिले, कारण ते निघाले असते तर उचलीचे पैसे अंगावर राहिले असते. आजार मुलाच्या रक्तात होता, पण पहिल्या आठवड्यातच तो त्या कुटुंबाच्या हिशेबात शिरला होता.

रक्ताचा कर्करोग म्हणजे नेमके काय, हे आपल्या पालकांपैकी अनेकांनी आम्हांला विचारले, म्हणून थोडक्यात सांगतो. आपले रक्त तयार होते ते हाडांच्या आतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. तेथे तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या बिंबिका, ज्यांना रुग्णालयात सगळे प्लेटलेट म्हणतात, त्या जन्म घेतात. ल्युकेमियात अपरिपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि बाकीच्यांना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की पंडुरोग व थकवा, बिंबिका घटल्या की रक्तस्राव आणि निळे डाग, निरोगी पांढऱ्या पेशी घटल्या की जंतुसंसर्ग. लसिका ग्रंथींत सुरू होणारा लिम्फोमा आणि प्रौढांना होणारा मायलोमा हेही याच कुळातले आजार. हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याच्याजवळ झोपल्याने तो कोणाला होत नाही. हे वाक्य आम्ही वस्तीवस्तीत जाऊन सांगितले, कारण ज्यांच्या वाडवडिलांनी शिवाशिवीचे चटके सोसले, त्यांच्या वस्तीत एखाद्या मुलाचा पेला वेगळा ठेवला जावा, हे आम्हांला सहन होण्यासारखे नव्हते.

या आजारावरील उपचारांच्या इतिहासात एक भारतीय नाव आहे आणि ते आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. भीमावरम येथे १८९५ मध्ये जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत संशोधन करत होते. फॉलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणणारी औषधे त्यांच्या चमूने तयार केली. त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे औषध बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीस ल्युकेमियाग्रस्त मुलांना दिले. मुलांचा आजार काही काळ मागे हटला. त्याआधी या आजाराच्या मुलाला काही आठवडे वा महिनेच उरत. सुब्बाराव १९४८ मध्ये वारले. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट हे औषध मात्र आजही या मुलांना दिले जाते. आपला विद्यार्थी आठवड्यातून एकदा ज्या पिवळ्या गोळ्या घेत असे, त्यांच्यामागे एवढा इतिहास होता. आज प्रगत देशांत या आजाराची दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे हे प्रमाण कमी आहे आणि त्याची कारणे केवळ वैद्यकीय नाहीत. निदानाला लागलेला उशीर, कुपोषण, जंतुसंसर्ग आणि उपचार मध्येच सोडून देणे, ही ती कारणे. उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. इतका काळ गावाबाहेर राहणे ज्यांना परवडत नाही, ते मूल घेऊन घरी परततात. तिथे आजार पुन्हा उलटतो.

धावण्यातून निधी उभारण्याची कल्पना आमची नव्हे. १९८० मध्ये टेरी फॉक्स हा तरुण, हाडाच्या कर्करोगाने एक पाय गमावलेला असताना, कृत्रिम पायाने कॅनडा ओलांडण्यास निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन याप्रमाणे तो १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. कर्करोग फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले आणि पुढच्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाने आजही जगभर धावण्याचे कार्यक्रम होतात. १९८८ मध्ये ब्रूस क्लीलँड या पित्याने, आपल्या मुलीला ल्युकेमिया झाल्यानंतर, ३८ धावकांचा संघ घेऊन न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये भाग घेतला आणि ३ लाख २२ हजार डॉलर जमवले. त्यातूनच रक्ताच्या कर्करोगासाठी सामान्य माणसांना धावायला शिकवणारी मोठी चळवळ उभी राहिली. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. तिलाही अशा निधिसंकलनाची जोड आहे.

पण आम्हांला याहून जवळचा एक इतिहास अस्वस्थ करत होता. आमच्या आजे-पणजांनीही पुष्कळ धाव घेतली होती. गावचा सांगावा परगावी पोहोचवणे, सरकारी टपाल पुढच्या गावी नेणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे पळणे, मयताचा निरोप घेऊन उन्हापावसात दहा-दहा कोस तुडवणे, हे महार वतनातले काम होते. ते नाकारण्याची मुभा नव्हती आणि त्याचा मोबदला म्हणजे बलुत्याचे चार दाणे व शिळी भाकर. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या वेठीतून सोडवण्यासाठी. ती वतने कायद्याने संपली त्यास १९५८ साल उजाडावे लागले. ज्यांचे पाय पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या हुकुमावरून धावले, त्यांच्या नातवंडांनी स्वतःच्या इच्छेने, स्वतःच ठरवलेल्या कारणासाठी धावावे, यात आम्हांला एक अर्थ दिसला. निरोप्याचे पाय तेच होते. निरोप मात्र या वेळी आमचा होता.

सरावाला आम्ही जूनमध्ये आरंभ केला. पन्नाशीच्या शिक्षकांनी आधी हृदयाची तपासणी करून घेतली. पहाटे साडेचारला, मुले उठण्यापूर्वी, विद्यालयापासून धरणाच्या फाट्यापर्यंतचा रस्ता आम्ही धरत असू. पहिल्या आठवड्यात तीन किलोमीटरवर दम लागला. दर रविवारी अंतर थोडे वाढवायचे आणि चौथ्या आठवड्यात कमी करून शरीराला विसावा द्यायचा, हा क्रम डिसेंबरपर्यंत पाळला. पुण्या-मुंबईतले माजी विद्यार्थी आपापल्या ठिकाणी धावत आणि रात्री फोनवर हिशेब देत. दुधाच्या गाड्या घेऊन निघालेले गावकरी सुरुवातीला थट्टा करीत. ऑगस्टनंतर तेच गाडी थांबवून पाणी देऊ लागले.

निधीसाठी आम्ही एक साधी युक्ती योजली. किलोमीटरला एक रुपया, म्हणजे बेचाळीस रुपयांची एक पावती. ज्याला जमेल त्याने एक घ्यावी, ज्याला जमेल त्याने हजार घ्याव्यात. पालक सभेत ही गोष्ट मांडली तेव्हा मागच्या रांगेतून एक वयोवृद्ध आजोबा उठले आणि म्हणाले, “गुरुजी, पळनार तुम्ही अन् रगत बरं व्हनार लेकराचं, ह्ये कसं काय?” सभेत हशा पिकला, पण प्रश्न रास्त होता. आमच्यापैकी एकाने उत्तर दिले, “बाबा, पळण्यानं रक्त बरं होत नाही. पण आम्ही नुसतेच पैसे मागितले असते, तर तुम्ही हा प्रश्न विचारला असता का?” आजोबांनी टोपी सारखी केली, कनवटीचे पैसे काढले आणि दोन पावत्या घेतल्या. एक स्वतःच्या आणि एक निवर्तलेल्या पत्नीच्या नावाने.

अशा रीतीने पावत्या फाटत गेल्या. महिला बचत गटांनी घेतल्या, माजी विद्यार्थ्यांनी आखाती देशांतून घेतल्या, वसतिगृहातील मुलांनी सहलीच्या खाऊचे पैसे एकत्र करून वर्गावार घेतल्या. एकूण ९ हजार २०० पावत्यांचे ३ लाख ८६ हजार ४०० रुपये झाले. निम्मी रक्कम कर्करोगग्रस्त मुलांच्या निवासाची व्यवस्था करणाऱ्या आणि रक्तमूलपेशी दात्यांची नोंदणी करणाऱ्या दोन संस्थांना दिली. उरलेल्या निम्म्या रकमेतून विद्यालयाचा रुग्णसहाय्य निधी सुरू झाला.

जानेवारीतल्या त्या रविवारी, पहाटेच्या काळोखात, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळून आम्ही निघालो. मरीन ड्राइव्हवर वारा होता. सागरी सेतूवर उजाडले. वांद्रे आणि माहीम मागे टाकून दादरच्या रस्त्याला लागलो, तेव्हा चैत्यभूमीच्या दिशेने आमच्या माना आपोआप वळल्या. दरवर्षी ६ डिसेंबरला आम्ही त्या परिसरात रांगेत उभे राहतो. तेथून धावत जाण्याची ही पहिलीच वेळ. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे स्नायूंतली साठवलेली शर्करा संपत येते आणि पाय शिशासारखे जड होतात. त्यातच परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ. तेथे आमच्यातले दोघे चालू लागले, तेव्हा पुढे गेलेले चौघे थांबले. सहाही जणांनी सोबतच रेषा ओलांडायची असे ठरले होते, तसेच झाले. सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागला.

त्या संध्याकाळी आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत गेलो. कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तेथे अल्प दरात राहतात. आपला विद्यार्थी व त्याची आई तेथेच उतरले होते. मुलाने आमची पदके हातात घेऊन वजन पाहिले आणि विचारले, “सर, तुमचा शेवटचा नंबर आला का?” शेवटचा नव्हता, पण फारसा वरही नव्हता, असे सांगितल्यावर तो मनापासून हसला. त्याच्या डोक्यावर बारीक केस पुन्हा उगवू लागले होते.

येथे एक गोष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण ती वगळली तर हा हिशेब खोटा ठरेल. त्याच धर्मशाळेत शेजारी राहणारी विदर्भातली नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिच्या आजाराने उपचारांना दाद दिली नाही. आम्ही धावलो त्यानंतर सातव्या आठवड्यात ती गेली. रुग्णसहाय्य निधीतून दिलेली पहिली रक्कम औषधासाठी नव्हती. तिला गावी नेणाऱ्या शववाहिकेच्या भाड्यासाठी होती. पावती वहीत ‘प्रवास खर्च’ अशी नोंद आहे. तिच्या वडिलांनी निघताना हात जोडले, तेव्हा आमच्याजवळ बोलण्यासारखे काही नव्हते. आम्ही त्यांच्यासोबत गाडीपर्यंत गेलो, एवढेच.

आपल्या काही कार्यकर्त्या मित्रांनी आम्हांला खडसावून विचारले की, आरोग्य हा हक्क असताना तुम्ही दानाची वाट का धरता? शासनाचे काम तुम्ही का अंगावर घेता? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे आपल्या संविधानाचा अनुच्छेद ४७ सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून या मुलाच्या उपचारांचा मोठा भाग झाला. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वे प्रवासात सवलत मिळते. ही सगळी हक्काची प्राप्ती आहे आणि ती मिळवून देण्यासाठी आम्ही कागदपत्रे घेऊन खेटे घातले. परंतु आईची बुडालेली मजुरी, खोलीचे भाडे, उकळलेले पाणी, स्वच्छ जेवण, धाकट्या बहिणीला सांभाळणाऱ्या मावशीचा एसटीचा प्रवास, यांपैकी कशालाही योजनेत रकाना नाही. रकाना निर्माण व्हावा म्हणून निवेदने दिली आहेत, पुढेही देऊ. तो होईपर्यंत मुलाने मात्र थांबायचे नसते. स्पार्टाची पौर्णिमा आजाराला मान्य नसते. हक्काची मागणी आणि मैत्रीचा हात यांत निवड करावी लागते, असे आम्हांला वाटत नाही. ज्याच्या हातून दान होते त्याने आपण कोणावर उपकार करतो आहोत असे मानले, तर मात्र ते दान पुन्हा बलुत्याच्या वळणावर जाते. म्हणून निधीचा प्रत्येक खर्च विद्यालयाच्या सूचनाफलकावर लागतो आणि घेणाऱ्याचे नाव कधीही लागत नाही.

वाचकांना, विशेषतः माजी विद्यार्थ्यांना, आमची विनंती धावण्याची नाही. धावता आले तर आनंदच आहे. पण धावण्याहून सोपी आणि अधिक निकडीची कामे आहेत. बिंबिका रक्तपेढीत सुमारे पाच दिवसच टिकतात. म्हणून त्यांचा दाता सतत लागतो. एकदा रक्तदान शिबिर भरवून वर्षभराची सोय होत नाही. १४ एप्रिलला आपण शिबिर घेतो, तसे मुंबईत राहणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी पाळी लावून वर्षभर बिंबिकादान करावे. काही रुग्णांना मूलपेशी प्रत्यारोपणावाचून पर्याय नसतो. सख्ख्या भावंडाच्या पेशी जुळण्याची शक्यता चारात एक असते; बाकीच्यांना कोणा अनोळखी माणसाची वाट पाहावी लागते. दाता म्हणून नोंदणी करण्यासाठी गालाच्या आतील बाजूचा नमुना द्यावा लागतो, त्यात वेदना नाही. जुळणी बरीचशी वांशिक वारशावर अवलंबून असते. आपल्या समाजातील तरुणांची नोंद तेथे नसेल, तर आपल्या मुलांसाठी जुळणारा अनोळखी माणूस सापडणार कोठून? आणि तिसरे काम घरातले : न हटणारा ताप, पांढुरकेपणा, विनाकारण उठणारे निळे डाग, हाडे दुखणे, यांपैकी काही दिसले तर अंगारे-धुपाऱ्यात दिवस न घालवता रक्ताची तपासणी करून घ्या. विहारात, बचत गटात, फडावर, जेथे चार माणसे भेटतील तेथे हे सांगा.

आपला विद्यार्थी आता नववीत आहे. त्याची औषधे गेल्या दिवाळीत थांबली. पुढची काही वर्षे तपासणीसाठी मुंबईच्या फेऱ्या कराव्या लागतील. बरा झाला, हा शब्द डॉक्टर अजून वापरत नाहीत आणि आम्हीही वापरत नाही. त्याचे वडील यंदा फडावर गेले नाहीत. गावातच रोजंदारी करतात. मागच्या उचलीतली काही रक्कम अद्याप फिटायची आहे. येत्या जानेवारीसाठी सरावाला नऊ जण येऊ लागले आहेत. त्यांत वसतिगृहाच्या अधीक्षिकाबाई आहेत, ज्यांनी त्या सकाळी एक दिवसही वाया घालवला नाही. नव्या पावतीपुस्तकाचा पहिला गठ्ठा कार्यालयात आला आहे. किंमत तीच आहे, बेचाळीस रुपये.